१५२ दिसला, आता पुढे काय? मास आणि आयआरवरून कंपाउंड ओळखताना कुठल्या क्रमाने जायचं

गेली काही वर्षं मी एम.एस्सी.च्या मुलामुलींच्या वह्या तपासतेय आणि चूक दरवेळी तीच असते. मास (रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वजन दाखवणारा स्पेक्ट्रम) आला की आधी लायब्ररी सर्च मारायचा, म्हणजे साठवलेल्या स्पेक्ट्रमशी मशीनने जुळवून घ्यायचा, सगळ्यात वर जे नाव येईल ते वहीत उतरवायचं, आणि मग आयआर (रेणूतले बाँड कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतात ते दाखवणारा स्पेक्ट्रम) उघडायचा तो फक्त त्या नावाला पुरावा शोधायला. असं शोधलं की पुरावा सापडतोच, कारण आयआरमध्ये इतके पीक (आलेखातली टोकं) असतात की कुठल्याही नावाला चारपाच तरी जुळतात.

हे किती महागात पडतं ते एका आकड्यावरून बघा. कापूर, व्हॅनिलिन, बामला ज्याचा वास येतो ते मिथाइल सॅलिसिलेट, क्रीम टिकावं म्हणून घालतात ते मिथाइल पॅराबेन आणि मँडेलिक अ‍ॅसिड, या पाचही जणांचं मॉलेक्युलर वेट १५२ आहे. आणि पॅरासिटामॉल ईएसआयवर (मास घ्यायची एक पद्धत, दुसऱ्या पायरीत येईल) टाकलं तर तेही १५२ लाच दिसतं. म्हणून या लेखात सगळीकडे १५२ च घेतलाय, एकाच आकड्यावर सगळ्या पायऱ्या करून बघितल्या की पद्धत डोक्यात बसते.

सुरू करायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: "नक्की आहे", "नक्की नाही", "माहीत नाही". कंपाउंडचं नाव या कागदावर सातव्या पायरीपर्यंत लिहायचं नाही. मनात आलं तरी लिहायचं नाही, कारण एकदा लिहिलं की डोळे तेच शोधत बसतात.

## १. सॅम्पलची तयारी

निम्म्या चुका इथेच होतात आणि त्या पुढे कुठल्याही हुशारीने सुधारत नाहीत.

पहिलं काम टीएलसी (सॅम्पल शुद्ध आहे का बघायची पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी), आणि तीही दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंट सिस्टिममध्ये, कारण एका सिस्टिममध्ये दोन स्पॉट एकमेकांवर बसू शकतात. आयआर मशीनला मिश्रण कळत नाही. अल्कोहोल आणि कीटोनचं मिश्रण दिलंत तर स्पेक्ट्रममध्ये ओएचही येणार आणि कार्बोनिलही (कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड) येणार, आणि तुम्ही रात्रभर हायड्रॉक्सी कीटोन जुळवत बसणार. सॉलिड असेल तर मेल्टिंग पॉइंट घ्या आणि रेंज लिहून ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

दुसरं काम सॉल्व्हंट घालवणं. कॉलममधून शुद्ध केल्यानंतर रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) "कोरडं झालं" असं वाटतं तेव्हा इथाइल अ‍ॅसिटेट हमखास शिल्लक असतं. आयआरमध्ये ते १७४० ला कार्बोनिल आणि १२४० ला सी-ओ बाँड दाखवतं (आयआरचे आकडे सेंमी⁻¹ मध्ये, मासचे वजनाचे), मासमध्ये ४३, ६१, ७०, ८८. एका मुलीने याच १७४० वर आपल्या अल्कोहोलला एस्टर ठरवलं होतं, तिचं रिअ‍ॅक्शन बिचारं नीट झालं होतं, उरलं होतं ते सॉल्व्हंट. हाय व्हॅक्यूमवर ठेवा, वजन दोनदा घ्या, दोन्ही सारखं आलं तरच पुढे जा. अ‍ॅसिटोन राहिलं तर १७१५, डीएमएसओ राहिलं तर १०५० च्या आसपास, पाणी राहिलं तर ३४०० ला पसरट आणि १६४० ला छोटा पीक.

सावध: कापूर, मेंथॉल, थायमॉल असली उडून जाणारी सॅम्पल हाय व्हॅक्यूमवर किंवा गरम ओव्हनमध्ये ठेवू नका. परत याल तेव्हा बाटली रिकामी असेल. ही शक्यतो थंड जागी नीट बंद करून ठेवा आणि सॉल्व्हंट न वापरता सरळ एटीआरवर (सॅम्पल क्रिस्टलवर ठेवून आयआर घ्यायची पद्धत) घ्या.

तिसरं काम बाहेरून येणारी घाण ओळखणं. प्लास्टिकची सिरिंज, ट्यूब यांच्याशी क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन लागलं की प्लास्टिसायझर विरघळून येतो, मासमध्ये १४९ चा ठसठशीत पीक आणि आयआरमध्ये १७२५ च्या आसपास कार्बोनिल. सिलिकॉन ग्रीस आलं तर आयआरमध्ये १२६०, १००० ते ११०० मध्ये रुंद जाड पट्टा आणि ८०० ला एक.

म्हणून ब्लँक करा. तीच वायल, तेच सॉल्व्हंट, तोच फिल्टर, फक्त सॅम्पल नाही. दहा मिनिटं जातात. ब्लँकमध्ये दिसलेला पीक सॅम्पलमध्ये दिसला तर तो तुमचा नाही, इतका सरळ हिशोब आहे.

## २. मास कुठल्या पद्धतीने घ्यायचा ते ठरवा

पुष्कळ जण रिपोर्ट हातात आल्यावरसुद्धा बघत नाहीत की तो ईआय आहे की ईएसआय. आकडे वाचायचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत, त्यामुळे ही पायरी छोटी असली तरी चुकवायची नाही.

ईआयमध्ये ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतात, एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि रेणू तुटतो. मॉलेक्युलर आयन, म्हणजे न तुटलेला रेणू, रेणूच्याच वजनाला दिसतो आणि खाली तुकड्यांची रांग असते, स्ट्रक्चर त्या तुकड्यांतून कळतं. सॅम्पल वाफ होणारं आणि उष्णतेला टिकणारं हवं. ईएसआयमध्ये द्रावण फवारून आयन करतात, रेणूला प्रोटॉन किंवा सोडियम चिकटतो, तुकडे फार होत नाहीत, वजन तेवढं नीट कळतं. पॅरासिटामॉलचं वजन १५१, ईएसआयच्या पॉझिटिव्ह मोडमध्ये ते १५२ ला दिसतं, सोबत सोडियमचा १७४ आणि कधी कधी दोन रेणू मिळून ३०३.

तपासा: ईएसआयमध्ये दोन मोठे पीक बरोब्बर २२ च्या अंतरावर आहेत का? असतील तर खालचा प्रोटॉनवाला, वरचा सोडियमवाला. रेणूचं वजन म्हणजे खालच्यातून १ वजा.

कापरासारखं किंवा हायड्रोकार्बनसारखं सॅम्पल ईएसआयला पाठवू नका, आयन नीट होणार नाही आणि तुम्हाला फक्त घाणीचा स्पेक्ट्रम मिळेल. कार्बोक्सिलिक अ‍ॅसिड जीसीवर (मासच्या आधी जोडलेली गॅस क्रोमॅटोग्राफी) सरळ टाकलं तर पीक शेपटासारखा ओढला जातो, आधी मिथाइल एस्टर किंवा सिलिल (ट्रायमिथाइलसिलिल) करून घ्या. सिलिल केलंत तर प्रत्येक ओएचमागे वजन ७२ ने वाढतं हे कागदावर आधीच लिहून ठेवा, नंतर विसरायला होतं. ७३ चा मोठा पीकही त्या सिलिलचाच असतो.

सॅम्पल बाहेर पाठवणार असाल, आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (बाहेरच्यांची सॅम्पल तपासून देणारी उपकरण-सुविधा) ठिकाणी, तर फॉर्मवर विद्राव्यता, अंदाजे वजन, उष्णतेला टिकतं की नाही आणि कुठला आयनायझेशन हवाय हे स्पष्ट लिहा. समोर बसलेल्या ऑपरेटरला तुमच्या बाटलीत काय आहे हे माहीत असायचं काही कारण नाही.

## ३. आयआर नीट घ्या

एटीआर असेल तर क्रम असा: आयसोप्रोपॅनॉल लावलेल्या मऊ टिश्यूने क्रिस्टल पुसा, पूर्ण सुकू द्या, रिकाम्या क्रिस्टलवर बॅकग्राउंड घ्या, मग सॅम्पल ठेवा, सॉलिड असेल तर दाबाचा स्क्रू नीट घट्ट करा, मग स्कॅन. आधीच्या माणसाचं सॅम्पल क्रिस्टलवर असताना बॅकग्राउंड घेतलं तर तुमच्या स्पेक्ट्रममध्ये उलटे पीक येतात. पुसल्यावर रिकामा क्रिस्टल एकदा सॅम्पल म्हणून स्कॅन करून बघा, सपाट रेघ आली पाहिजे.

केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेट, म्हणजे त्यात सॅम्पल घोटून दाबलेली चकती असेल तर केबीआर ११० डिग्रीला रात्रभर वाळवलेला हवा आणि डेसिकेटरमधून काढल्यावर पटापट काम उरकायचं. १ ते २ मिलीग्रॅम सॅम्पल आणि साधारण शंभरपट केबीआर. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम फार जिकिरीचं होतं, केबीआर खलात घोटता घोटताच ओलावा धरतो, पेलेट पांढुरका होतो आणि ३४०० ला जो डोंगर दिसतो तो हवेतल्या पाण्याचा असतो. अशा दिवसांत ओएच आहे की नाही हे केबीआरवरून ठरवू नका, एटीआरवर घ्या. ओलं सॅम्पल मिठाच्या प्लेटवर तर अजिबात ठेवायचं नाही, प्लेट विरघळते.

सावध: स्पेक्ट्रम वाचायच्या आधी या तीन गोष्टी बघा.

सगळ्यात मोठे पीक खाली जाऊन चपटे झालेत का? झाले असतील तर सॅम्पल जास्त झालंय, पातळ करून परत घ्या. मोठ्यातला मोठा पीक ५ ते १० टक्के ट्रान्समिटन्सपर्यंत उतरलेला छान असतो.

२३५० ला जोडी दिसतेय का? ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची, नायट्राइल म्हणून लिहायची नाही. नायट्राइल २२२० ते २२६० मध्ये असतं.

नुजॉलमध्ये (सॅम्पल घोटायचं खनिज तेल) घेतलंय का? मग २९२४, २८५३, १४६२ आणि १३७७ हे तेलाचे, त्यांच्यावरून मिथाइल-मिथिलीन काहीही ठरवू नका.

मशीन बरोबर आकडे दाखवतंय का याची खात्री करायला पॉलिस्टायरीनची फिल्म टाका, १६०१ चा पीक १६०१ लाच यायला हवा. पुढे आपण कार्बोनिलच्या २० आकड्यांच्या फरकावर निर्णय घेणार आहोत, मशीनच १० ने सरकलेलं असेल तर सगळं फुकट.

## ४. आयआर वाचा, आणि नाव न देता वाचा

उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे असं फिरत बसू नका. ठरलेला क्रम ठेवा.

आधी १६५० ते १८२० मध्ये बघा. कार्बोनिल असेल तर तो लपत नाही, स्पेक्ट्रममधल्या सगळ्यात जोरकस पीकांपैकी एक असतो. तिथे काहीच नसेल तर कीटोन, अल्डिहाइड, अ‍ॅसिड, एस्टर सगळे एका फटक्यात "नक्की नाही" मध्ये जातात. अमाइडचा कार्बोनिल मात्र १६३० पर्यंत खाली येऊ शकतो, तेवढी जागा बघूनच अमाइडला बाद करा. आयआरची खरी ताकद ही "नाही" सांगण्यात आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ वह्यांत हा रकाना रिकामा असतो.

कार्बोनिल असेल तर लगेच त्याचे सोबती शोधा:

अ‍ॅसिड असेल तर २५०० ते ३३०० पर्यंत पसरलेला, सीएचच्या पीकांना पोटात घेणारा रुंद पट्टा पाहिजेच. अल्डिहाइड असेल तर २७२० च्या आसपास छोटा पण स्पष्ट पीक. एस्टर असेल तर १००० ते १३०० मध्ये सी-ओचे जोरकस पीक, बऱ्याचदा कार्बोनिलइतकेच. अमाइड असेल तर ३१०० ते ३५०० मध्ये एनएच, प्रायमरी असेल तर दोन, सेकंडरी असेल तर एक, टर्शरी असेल तर काहीच नाही. अनहायड्राइडला दोन कार्बोनिल दिसतात, साधारण १८२० आणि १७६०. यातलं काहीच नसेल तर कीटोनकडे वळा.

आता आकडा. साधा कीटोन १७१५, साधा एस्टर १७३५ ते १७५०, अल्डिहाइड १७२५, हे सगळ्यांना पाठ असतं आणि पाठ असतं म्हणूनच चुकतं. कारण हे आकडे हलतात. शेजारी डबल बाँड किंवा बेंझीन रिंग असेल तर २० ते ३० ने खाली. कार्बोनिल लहान रिंगमध्ये अडकला असेल तर वर: सहाच्या रिंगमध्ये १७१५, पाचच्या रिंगमध्ये १७४५, चारच्या रिंगमध्ये १७८०. हायड्रोजन बाँडमध्ये गुंतला असेल तर परत खाली.

कापूर बघा. कार्बोनिल १७४० च्या जरा वर, आणि दरवर्षी कुणीतरी "एस्टर" लिहितं. पण सी-ओचे ते दोन दणदणीत पीक कुठे आहेत? नाहीत. मग एस्टर नाही. कापराचा कार्बोनिल पाच कार्बनच्या रिंगमध्ये आहे म्हणून वर सरकलाय. म्हणजे १७४० दिसला की तीन शक्यता कागदावर हव्यात: एस्टर, पाचच्या रिंगमधला कीटोन, आणि न उडालेलं इथाइल अ‍ॅसिटेट.

आता याच्या उलट मिथाइल सॅलिसिलेट. हा एस्टर, तोही बेंझीन रिंगला जोडलेला, म्हणजे १७२० ला यायला हवा. येतो १६८० च्या आसपास. कारण शेजारचा फिनॉलचा ओएच कार्बोनिलला आतल्या आत हायड्रोजन बाँडने धरून ठेवतो, आणि तो ओएचसुद्धा ३२०० च्या जवळ पसरट होऊन सीएचमध्ये मिसळलेला दिसतो, नेहमीच्या अल्कोहोलसारखा ठळक उभा राहत नाही. हा स्पेक्ट्रम वर्गात दिला की निम्मी मुलं अमाइड लिहितात. १६८० आणि ३२०० दोन्ही जुळतात ना! पण अमाइडमध्ये नायट्रोजन लागतो, आणि नायट्रोजन आहे का ते मासला विचारायचंय, थोडं थांबा.

मग ३००० ची रेघ बघा. सीएचचे पीक फक्त ३००० च्या खाली असतील तर साखळी किंवा सॅच्युरेटेड रिंग, वरही असतील तर डबल बाँड किंवा बेंझीन. बेंझीनसाठी १६०० आणि १५०० ची जोडीही हवी. कापरात वर काहीच नाही, बाकी चौघांत आहे. एवढ्या एका गोष्टीने कापूर वेगळा झाला, अजून मास उघडायचाय.

१५०० च्या खालच्या भागात प्रत्येक पीकाला नाव द्यायचा हट्ट सोडा. तो भाग शेवटी स्टँडर्डशी जुळवायला ठेवा. अपवाद सी-ओ, नायट्रोची १५३० आणि १३५० ची जोडी, आणि ६९० ते ८५० मधला रिंगवर किती ठिकाणी जोडणी आहे हे सुचवणारा भाग. तोही फक्त सुचवतो, कार्बोनिल किंवा नायट्रो रिंगवर असेल तर हे आकडे गडबडतात.

## ५. मॉलेक्युलर आयन ठरवा

ईआय स्पेक्ट्रममध्ये सगळ्यात उजवीकडचा पीक म्हणजे मॉलेक्युलर आयन, असं धरून चालणं ही दुसरी मोठी चूक. उजवीकडे कॉलम ब्लीड (जीसी कॉलमच्या आतल्या लेपातून सुटणारं सिलिकॉन) असू शकतो, २०७ आणि २८१ दिसले आणि सॅम्पलमध्ये सिलिकॉन नसेल तर ते कॉलमचे. सगळ्यात उंच पीक म्हणजे मॉलेक्युलर आयन हेही चूक, तो बेस पीक, तुकडा असू शकतो.

तीन कसोट्या लावा.

पहिली, खालच्या तुकड्यांपर्यंतचं अंतर पटण्यासारखं आहे का. १५ म्हणजे मिथाइल, १८ म्हणजे पाणी, २८ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड किंवा इथिलीन, ३१ म्हणजे मिथॉक्सी, ४५ म्हणजे सीओओएच किंवा इथॉक्सी. पण ४ ते १४ किंवा २१ ते २५ चं अंतर जवळजवळ कधीच येत नाही. तसं दिसलं तर एकतर तुम्ही धरलेला मॉलेक्युलर आयन चुकीचाय किंवा सॅम्पल मिश्रण आहे.

दुसरी, नायट्रोजनचा नियम. मॉलेक्युलर आयन विषम असेल तर नायट्रोजनची संख्या विषम, सम असेल तर नायट्रोजन शून्य किंवा सम. पॅरासिटामॉल ईआयवर १५१, विषम, एक नायट्रोजन, बरोबर. ईएसआयवर तेच १५२ दिसतं, आणि तिथे कुणी हा नियम सरळ लावला तर नायट्रोजन नाही असं म्हणून मोकळा होतो. नियम रेणूच्या वजनाला लावायचा, चिकटलेला प्रोटॉन आधी काढून.

आणि आता मिथाइल सॅलिसिलेटचा तो अमाइड. ईआयवर १५२, सम. एक नायट्रोजन असलेला अमाइड बाद. आयआर एकट्याने जे सांगू शकत नव्हता ते इथे एका ओळीत सुटलं.

तिसरी कसोटी आयआरशी ताळा, आणि ही कुणीच करत नाही. मेंथॉलचं उदाहरण घ्या. वजन १५६, पण ईआयमध्ये १५६ इतका बारीक की दिसतच नाही, वर दिसतो तो १३८, म्हणजे पाणी निघून गेलेला. १३८ ला मॉलेक्युलर आयन धरलात तर पहिली कसोटीही पास होते, १३८ वरून १२३ म्हणजे मिथाइल गेला, दुसरीही पास, सम आहे. फॉर्म्युला निघतो सी१० एच१८, यात ऑक्सिजनच नाही. आणि आयआरमध्ये ३३०० ला ओएच ढळढळीत समोर उभा! ऑक्सिजन नसलेल्या रेणूला ओएच कुठून येणार? १३८ मध्ये १८ मिळवा, १५६.

तपासा: आयआरमध्ये ओएच आहे आणि कार्बोनिल नाही, तर धरलेल्या मॉलेक्युलर आयनच्या वर १८ ला काही आहे का ते झूम करून बघा. नसेल तर ईएसआय किंवा सौम्य आयनायझेशनवर परत घ्या.

## ६. आयसोटोप, फॉर्म्युला, डीबीई

आता मॉलेक्युलर आयनच्या एक वर आणि दोन वरचे, म्हणजे आयसोटोपचे पीक. दोन वरचा पीक एक तृतीयांश असेल तर एक क्लोरीन, जवळपास सारखाच असेल तर एक ब्रोमीन, साडेचार टक्क्यांच्या आसपास असेल तर सल्फरचा विचार करा. दोन क्लोरीन ९:६:१, दोन ब्रोमीन १:२:१.

एक वरच्या पीकावरून कार्बनची संख्या, प्रत्येक कार्बनमागे १.१ टक्के. आठ कार्बन असतील तर ८.८, दहा असतील तर ११. आपल्या १५२ च्या घोळक्यात कापूर सी१० एच१६ ओ आणि बाकी चौघे सी८ एच८ ओ३, म्हणजे हा फरक कामाचा आहे. पण मॉलेक्युलर आयन अशक्त असेल किंवा डिटेक्टर भरून गेला असेल तर या टक्केवारीवर अजिबात विसंबू नका, एकदोन कार्बन सहज इकडेतिकडे होतात. एचआरएमएस (वजन चार दशांशांपर्यंत देणारा मास) मिळत असेल तर प्रश्नच मिटतो: सी८ एच८ ओ३ येतो १५२.०४७३ ला आणि कापूर १५२.१२०१ ला.

मग डीबीई, म्हणजे रेणूत रिंग आणि डबल बाँड मिळून किती. कार्बनची संख्या, वजा हायड्रोजन आणि हॅलोजनची निम्मी, अधिक नायट्रोजनची निम्मी, अधिक १. कापूर: १० वजा ८ अधिक १ म्हणजे ३. कार्बोनिलचा एक, उरले दोन, आयआरमध्ये डबल बाँडचं चिन्ह नाही, म्हणजे दोन रिंग. इतर चौघे: ८ वजा ४ अधिक १ म्हणजे ५. बेंझीनचे चार, कार्बोनिलचा एक, हिशोब पूर्ण, आता आणखी रिंग किंवा डबल बाँड घुसवायला जागा नाही.

तपासा: डीबीई अपूर्णांकात आला? वजन तपासा, हायड्रोजन मोजा. किंवा ईएसआयचा प्रोटॉन न काढताच फॉर्म्युला लिहिलाय.

## ७. तुकडे जुळवा, आता नावं लिहा

इथे येईपर्यंत कागदावर फॉर्म्युला, डीबीई, ग्रुप आणि "नक्की नाही" ची यादी तयार असते. आता त्या फॉर्म्युल्यात बसणाऱ्या सगळ्या स्ट्रक्चर काढा, निदान चारपाच, आणि प्रत्येकीला विचारा की तू कुठे तुटशील. मोठे पाचसहा पीक समजावता आले पाहिजेत.

कापूर: बेस पीक ९५, सोबत ८१ आणि १०८, मॉलेक्युलर आयन १५२ चांगला दिसतो. बेंझीनचे ७७, ६५ असे पीक इथे मोठे नसतात.

मँडेलिक अ‍ॅसिड: १०७, म्हणजे ४५ गेले, सीओओएच. पुढे ७९ आणि ७७. आयआरमध्ये अ‍ॅसिडचा तो रुंद पट्टा.

व्हॅनिलिन: १५१ आणि १५२ जवळपास सारखे उंच. एक हायड्रोजन इतक्या सहज जातोय म्हणजे रिंगला जोडलेला अल्डिहाइड. पुढे १२३, म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइड गेला. आयआरमध्ये कार्बोनिल १६६५ च्या आसपास, कारण समोरच्या बाजूचा ओएच रिंगमधून त्याला इलेक्ट्रॉन देतो.

राहिले मिथाइल सॅलिसिलेट आणि मिथाइल पॅराबेन, आणि मला या जोडीवर जरा रेंगाळायचंय. दोघांत तेच अणू, तीच एस्टर, तोच फिनॉल, ओएच फक्त एकीकडे शेजारी आणि दुसरीकडे समोर. आयआरमध्ये दोघांचा कार्बोनिल १६८० च्या आसपास, एकात आतल्या हायड्रोजन बाँडमुळे, दुसऱ्यात सॉलिडमध्ये शेजारच्या रेणूशी बाँड होतो म्हणून. फक्त आयआर बघणारा इथे अडकतो.

मास बघा. पॅराबेनचा बेस पीक १२१: १५२ मधून ३१ गेले, मिथॉक्सी, एस्टरचं साधं तुटणं. पुढे ९३. सॅलिसिलेटचा बेस पीक १२०: १५२ मधून ३२ गेले, अख्खं मिथेनॉल, आणि पुढे २८ जाऊन ९२. एका युनिटचा फरक, पण तो एक हायड्रोजन कुठून आला? शेजारच्या ओएचने दिला. हात पोहोचण्याइतका जवळ असल्याशिवाय तो देता येत नाही, समोरच्या बाजूच्या ओएचला ते जमत नाही. म्हणजे १२० हा आकडा नुसता तुकडा नाही, ओएच शेजारीच आहे याचा पुरावा आहे. यालाच ऑर्थो इफेक्ट म्हणतात. आणि आयआरमधला खाली ओढलेला कार्बोनिल नि सीएचमध्ये मिसळलेला ओएच हेच वेगळ्या भाषेत सांगत होते.

सावध: आकडा वाचताना एकाची चूक इथे पूर्ण उत्तर बदलते. छापील स्पेक्ट्रमवर पट्टी लावून अंदाजे वाचू नका, पीकांची यादी मागून घ्या.

तपासा: सम वजनाच्या, नायट्रोजन नसलेल्या रेणूतून रॅडिकल गेला तर तुकडा विषम येतो, अख्खा रेणू गेला तर सम. नायट्रोजन नसताना मोठा सम तुकडा दिसला की थांबा आणि विचारा कुठला छोटा रेणू बाहेर पडला: पाणी, मिथेनॉल, केटीन, की मॅकलॅफर्टी (साखळीतला हायड्रोजन कार्बोनिलकडे सरकून होणारं तुटणं). मिथाइल कीटोनचा ५८, अ‍ॅसिडचा ६०, मिथाइल एस्टरचा ७४ हे सगळे मॅकलॅफर्टीतून येतात, आणि त्यासाठी साखळी पुरेशी लांब लागते.

## ८. लायब्ररी आता उघडा

निस्टची (अमेरिकेची मानक संस्था) लायब्ररी चांगली आहे, निस्ट वेबबुक आणि जपानचं एसडीबीएस (स्पेक्ट्रमचा डेटाबेस) फुकट बघता येतं, दोन्ही वापरा. पण आत्ता, पहिल्या मिनिटाला नाही. मॅचचा आकडा मोठा आला म्हणून खूश होऊ नका, आयसोमरचे (फॉर्म्युला एकच, रचना वेगळी) मास इतके सारखे असतात की पहिल्या पाच नावांत फरक फार थोडा असतो. प्रत्येक नाव तुमच्या "नक्की नाही" च्या रकान्यावर घासून बघा. आयआरची तुलना करताना लायब्ररीचा स्पेक्ट्रम केबीआरचा आहे की एटीआरचा हे बघा, एटीआरमध्ये डावीकडचे, म्हणजे ३००० च्या आसपासचे पीक तुलनेने बुटके दिसतात आणि जोरकस पीक थोडे खाली सरकतात. त्यावरून "जुळत नाही" म्हणू नका.

आणि काही ठिकाणी हे दोन्ही मिळूनसुद्धा पुरत नाहीत, ते मान्य करा. व्हॅनिलिन आणि आयसोव्हॅनिलिन, ओएच आणि मिथॉक्सी नुसते जागा बदलून बसलेत, मासवरून नक्की सांगणं कठीण, आयआरचा खालचा भाग वेगळा दिसतो पण स्टँडर्ड शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. इथे एनएमआर (कुठला अणू कुणाशेजारी आहे ते सांगणारा स्पेक्ट्रम) करा. तोपर्यंत पहिल्या पायरीत लिहून ठेवलेला मेल्टिंग पॉइंट काढा: व्हॅनिलिन ८१ ते ८३, आयसोव्हॅनिलिन ११३ च्या वर. डाव्या-उजव्या हाताच्या रेणूंबद्दल, म्हणजे कापूर कुठल्या हाताचा, हे तर या दोन्हींतून कधीच कळणार नाही, पोलरिमीटर लागतो.

वहीत उत्तर लिहिताना नावाच्या खाली चार ओळी हव्यात: मॉलेक्युलर आयन आणि कुठल्या आयनायझेशनचा, फॉर्म्युला आणि डीबीई, आयआरचे निर्णायक तीन पीक, आणि कुठले आयसोमर कशावरून बाद केले. जो पीक समजला नाही तोही लिहा, "१०२ चा पीक समजला नाही, ब्लँकमध्ये नाही" असं. मी वही तपासताना ती ओळ आधी शोधते, बऱ्याचदा सॅम्पलमधलं दुसरं कंपाउंड तिथूनच सापडलंय.